टिलव्याच्या पायातलं कडं

खटाव तालुक्यातला येरळवाडी तलाव. थंडी सरता सरता पाणी आत हटतं आणि काठाचा ओला गाळ उघडा पडतो. गाळपेर करणाऱ्यांची नजर जशी या जमिनीवर असते, तशीच हजारो मैलांवरून आलेल्या पाखरांचीही.

ते बघा, पाण्याच्या कडेनं तुरुतुरु पळणारे. छोटे टिलवे. एकेकाचं वजन 25-30 ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगांएवढंही नाही. यांची घरटी उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात.

हे कळलं कसं? पायातल्या कड्यामुळं. 1899 साली डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकानं पाखरांच्या पायात क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. आपल्याकडं सालिम अलींच्या पुढाकारानं 1959 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. राजस्थानातल्या भरतपूरला कडं घातलेले रफ, म्हणजे टिलव्यासारखेच काठावर चरणारे पाणपक्षी, पुढं सैबेरियात सापडले.

अंधार पडताना बारीक धाग्याचं जाळं लावतात. सापडलेलं पाखरू कापडी पिशवीत, मग तराजूवर. पंखाची लांबी, चोचीची लांबी, पिसं झडताहेत का, सगळं वहीत. शेवटी पायाला कडं, आणि मूठ उघडायची. हे काम परवानगी असलेल्या जाणकारांचंच. हौसेनं कुणी जाळं लावू नये.

पण कडं घातलं म्हणजे निम्मंच काम झालं. ते पुन्हा कुणाला तरी दिसायला हवं, आणि फार थोडी दिसतात. माणूस नाही तिथं पाखरू मेलं, तर कडं मातीत जातं. म्हणून नकाशावरचे ठिपके पाखरं कुठं जातात ते सांगतात, तसंच बघणारी माणसं कुठं आहेत तेही सांगतात. आता पायाला रंगीत फ्लॅग, म्हणजे छोटी पट्टीही लावतात. रंगावरून प्रदेश कळतो, वरची अक्षरं दुर्बिणीतून वाचता येतात, पाखराला हातही लावावा लागत नाही.

मासे धरताना, मोटार चालू करायला जाताना, मेलेल्या पाखराच्या पायात कडं दिसलं तर फेकू नका. कड्यावरचा क्रमांक आणि पत्ता अक्षर न् अक्षर उतरवा, फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि सोसायटीला कळवा.

आज सकाळपासून आम्ही या थव्यातला एकेक पाय बघतोय. मघाशी एका शेकाट्याच्या लांब गुलाबी पायावर काहीतरी चमकलं. श्वास रोखून दुर्बीण स्थिर केली. पाण्याचा थेंब होता. तो ओघळला, शेकाट्या दोन पावलं पुढं गेला, आणि आम्ही शेजारच्या पायाकडं वळलो.