आश्विनातलं ऊन आणि भिजवलेले धने

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाचा पाऊस पडला की आपण माठ माळ्यावर टाकतो, वाळ्याची जुडी फेकतो, सब्जाची बरणी मागे सरकवतो. थंडाव्याचं काम संपलं असं वाटतं. आणि मग हा आश्विन येतो. ऊन चटके देतं, तोंड येतं, छातीत जळजळतं, डोळ्यांची आग होते.

आयुर्वेदाची ऋतुचर्या, म्हणजे कुठल्या ऋतूत कसं खावं-वागावं याचे नियम, याबाबतीत फार नेमकी आहे. पित्त पावसाळ्यात साचतं आणि शरदाच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकाच्या, उन्हात उसळतं. म्हणून वैशाखात जपतो त्याहूनही, मला वाटतं, आत्ता जपायला हवं.

पण थंड म्हणायचं कशाला? फ्रिजमधलं दही जिभेला गार लागतं, तरी ते उष्ण वीर्याचं, म्हणजे पोटात गेल्यावर उष्णता वाढवणारं. आयुर्वेदाचे जुने आचार्य चरक यांनी ते शरदात वर्ज्यच सांगितलंय. आवळा बघा, दात आंबवतो, पण शीत! म्हणून तर पित्तावर मोरावळा. पदार्थ हाताला कसा लागतो ते सोडा, पोटात गेल्यावर काय करतो ते बघा. त्यालाच वीर्य म्हणतात.

आयुर्वेदाचेच दुसरे आचार्य वाग्भट यांनी या ऋतूसाठी सांगितलेल्या आहारात भात, मूग, साखर, आवळा, पडवळ आहेत. म्हणजे आपलं मऊ भात, मुगाचं वरण, पडवळाची भाजी, वर चमचाभर साजूक तूप. यात महाग काय आहे? कडू चवही या दिवसांत हवी, तेव्हा कारल्याला नाकं मुरडू नका. कोजागरीचं दूधही याच ऋतूत येतं, मधुर आणि शीत.

आता माझ्या आईची, मला अतिशय प्रिय असलेली गोष्ट. ती रात्री दोन चमचे धने जाडसर कुटून पेलाभर पाण्यात भिजत घालायची. सकाळी कुस्करून, गाळून, खडीसाखर घालून द्यायची. पुढे कळलं, आयुर्वेदाचे ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी याला ‘हिम’ म्हटलंय. एक भाग औषध, सहा भाग पाणी, रात्रभर मुरवायचं. विस्तवाला हात लावायचा नाही. अंगातली आग आणि तहान यांवर धन्यांचा हिम त्यांनी साखर घालूनच सांगितलाय. आईनं ग्रंथ उघडला नव्हता; तिला हा हिम तिच्या आईनं शिकवला होता.

आज रात्री करून बघा. मधुमेह असेल तर खडीसाखर वगळा. सर्दी-खोकला असेल तर चार दिवस थांबा. आणि जळजळ हटतच नसेल, तर घरचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

नमस्कार.