निरोप एकच, कान वेगळे

नमस्कार श्रोतेहो.

डोळे तपासताना डॉक्टर थेंब घालतात आणि मग दोन-तीन तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सोसत नाही, हे तुम्ही अनुभवलं असेल. त्या थेंबांचं आणि महादेवाला वाहतो त्या धोतऱ्याचं नातं आहे. ते नंतर. आधी बेडकांची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांत वाद होता, मज्जातंतूचा निरोप पुढच्या पेशीला पोचतो तो विजेनं की रसायनानं? ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. ईस्टरच्या आदल्या रात्री ते झोपेतून दचकून उठले. स्वप्नात प्रयोग सुचला होता! चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी बघतात तर काय, स्वतःचंच अक्षर लागेना. आपल्याकडे डॉक्टरांचं अक्षर औषधवाला तरी लावतो. इथे तोही नाही. दिवसभर डोकं धरून बसले. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तेच स्वप्न परत पडलं. या खेपेला त्यांनी कागदाच्या नादी न लागता थेट प्रयोगशाळा गाठली.

बेडकांची दोन हृदयं काढली. बाहेर काढल्यावरही ती खारट द्रावणात धडधडत राहतात. एकाला व्हेगस मज्जातंतू जोडलेला होता, दुसऱ्याला नव्हता. पहिल्याच्या व्हेगसला विजेचा झटका दिला, हृदय मंदावलं. मग त्यातलं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयात घातलं. त्याला झटका नाही, तंतू नाही, काही नाही. तरी तेही मंदावलं! म्हणजे द्रावणात काहीतरी उतरलं होतं. निरोप रसायनाचा होता. त्या रसायनाचं नाव पुढे ठरलं, ॲसिटिलकोलीन. १९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. दोन वर्षांनी नाझींनी त्यांना तुरुंगात टाकलं आणि बक्षिसाची रक्कम आपल्या बँकेत वळती करून घेतली, तेव्हा कुठे देश सोडू दिला.

आता थोडं शास्त्र. दोन चेतापेशींमध्ये फट असते. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग करा, त्यातल्या साधारण एका भागाएवढी. रसायन ती फट ओलांडतं आणि पलीकडच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप ऐकणाऱ्या कानावर बसतं. गंमत पुढेच आहे. हेच ॲसिटिलकोलीन हृदयाला सांगतं, हळू चल. दंडाच्या स्नायूला सांगतं, आवळ. असं का? तर रिसेप्टर वेगळे. निरोप एकच, कान वेगळे. म्हणूनच हल्ली अमुक रसायन म्हणजे आनंद, तमुक म्हणजे प्रेम, असं जे जो तो सांगत सुटतो, ते मला मुळीच पटत नाही. कोणत्या कानाशी बोलतंय ते आधी सांगा.

धोतऱ्यात ॲट्रोपीन असतं. ते यांतल्या काही कानांत बोळा घालतं. डोळ्यांचे थेंबही त्याच जातीचे; बाहुली आवळायचा निरोप पोचत नाही, बाहुली मोठीच राहते. धोतरा खाल्ला की तोंड कोरडं पडतं, नाडी धावते, माणूस बरळतो. पोरांना त्या बोंडांपासून लांब ठेवा.

याच्या उलट कपाशीवरची फवारणी. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं निरोप पुसणारं एन्झाइमच बंद पाडतात. निरोप वाजतच राहतो. लाळ, घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली, ते विदर्भातल्या श्रोत्यांना मी काय सांगणार! आणि आपण त्या डब्याला म्हणतो ‘औषध’. मला हा शब्द खटकतो. विषाला विष म्हणावं.

अशा वेळी इस्पितळात टोचतात ते ॲट्रोपीनच, धोतऱ्यातलं. छातीतली घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. म्हणून फवारताना कुणाला गरगरलं, मळमळलं, तर कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा आणि इस्पितळात नेताना तो डबा बरोबर घ्या. कोणतं विष ते डॉक्टरांना लेबलावर वाचता येईल.

नमस्कार.