नगरचे टिळक

[दृश्य : नगरमधलं चर्च, रविवारची उपासना. बाकावर झिजलेलं ‘उपासना संगीत’, चर्चमधल्या गीतांचं पुस्तक. पेटीचा सूर, मागून टाळ.]

पेटी आहे, तबला आहे, टाळ आहेत. डोळे मिटून ऐकलं तर वाटेल, एखाद्या विठ्ठलमंदिरात सप्ताह चाललाय. गीत मात्र येशूचं आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी आज हे सहज गातात. पण त्यांच्या पणजोबांच्या वेळी असं नव्हतं, आणि हा बदल व्हायला ज्यांचा मोठा हातभार लागला, ते होते टिळक.

लोकमान्य नव्हेत, नारायण वामन. तेही कोकणस्थ ब्राह्मण. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. शाळेत आपण ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून पाठ केलं, तेच हे. त्यांच्या आयुष्याची निम्मी बाजू शाळेच्या पुस्तकात कधी आलीच नाही. ती बाजू उपदेशकाची.

[दृश्य : धावती आगगाडी.]

१८९३ साल. नागपूरकडून राजनांदगावला जाणारी गाडी. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावरून! उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. त्या माणसाचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. पुस्तक मात्र त्यांनी उघडलं, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले.

१० फेब्रुवारी १८९५. मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश. गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नको, असा टिळकांचा आग्रह होता. बाप्तिस्मा दिला रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं पुढे टिळक सांगत. बाप्तिस्मा देणाऱ्याचंही नाव तुकाराम निघावं, या योगायोगाचं मला अजून हसू येतं.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, नवरा दुसऱ्या धर्मात. चार-पाच वर्षं ताटातूट. मग त्या नगरला आल्या, पण सोवळं सांभाळून. ते सोवळं हळूहळू सुटत गेलं आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

[दृश्य : नगरचे जुने रस्ते, दगडी इमारत, वर्गखोली.]

नगर म्हणजे अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचं मोठं ठाणं. १८७८ साली रॉबर्ट ह्यूम यांनी इथे उपदेशक घडवणारी शाळा काढली. ह्यूम स्वतः मुंबईत जन्मलेले. याच शाळेत टिळक शिकवू लागले.

समोर बसलेली पोरं कोण होती? बहुतेक खेड्यांतली, बरीचशी महार-मांग वस्त्यांतून आलेली. शिकून ती परत खेड्यातच जाणार. तिथे उपदेशक म्हणजे फक्त रविवारी बोलणारा नव्हे. सकाळी शाळा घ्यायची, आजाऱ्याच्या दाराशी बसायचं, कोणाचं पत्र वाचून दाखवायचं, संध्याकाळी कंदील लावून चार माणसं गोळा करायची. दिवसभर शेतात राबलेली माणसं. त्यांच्यापुढे शास्त्रभाग वाचून तीन मुद्दे मांडले, तर दुसऱ्या मुद्द्याला झोप लागणारच.

गाण्यांचीही तीच गत. इंग्रजी गीतांची भाषांतरं, त्यांना विलायती चाली. इंग्रजी चाल चालते आघातावर, मराठी वृत्त ऱ्हस्वदीर्घावर. सूर लांबवायचा म्हणून ऱ्हस्व अक्षर ताणलं की शब्द मोडतो. मोडलेल्या शब्दांत देव कसा सांगायचा?

याला उतारा नगरातच होता. टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टिळक तर लहानपणापासून अभंग-ओव्यांवर वाढलेले.

[दृश्य : चिपळ्या वाजवणारे हात, जवळून.]

कीर्तन बाहेरून सोपं दिसतं. उभं राहून करायला घ्या, मग कळतं. पूर्वरंगात एक वचन धरायचं आणि उलगडायचं. उत्तररंगात आख्यान. येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. बापाकडून वाटणी मागणारा धाकटा, दूरदेशी उधळलेला पैसा, शेवटी डुकरांच्या शेंगांवर आलेली वेळ. भाऊबंदकीत वाढलेल्या श्रोत्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. कुठे थांबायचं, साकीचं पद कुठे, दिंडीचं कुठे, टाळकऱ्यांना खूण कधी करायची, हे वहीत उतरून घेता येत नाही. ते शेजारी उभं राहूनच शिकायचं.

टिळकांनी या कामाला गाणी पुरवली. ढीगभर. आणि ती सगळी ओठांवर बसणारी.

१९०४ साली त्यांना पाळकपदाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूपदाची, दीक्षा मिळाली. १९१२पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन. मधल्या काळात प्लेग, दुष्काळ, घरात आणलेली अनाथ पोरं. कोवळा बालकवी ठोंबरेही याच घरात राहून गेला. पैसा टिळकांच्या हातात टिकत नसे. लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत याचे किस्से असे लिहिलेत, की हसावं की त्या माउलीची कीव करावी, कळत नाही.

[दृश्य : सातारा. अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं गाव.]

चाली मराठी झाल्या. एक गोष्ट उरली होती. उपदेशक खेड्यात उभा राहिला की मागच्या बाजूने एक वाक्य हमखास यायचं : हा मिशनच्या पगारावर बोलतोय. त्यावर कोणताही अभंग चालत नव्हता.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तशिष्य एकत्र. चर्चच्या चौकटीत हे बसत नव्हतं, आणि टिळकांना ते ठाऊक होतं. बाप्तिस्मा न घेतलेल्याला शिष्य म्हणायचं, हा उंबरठा ओलांडणारा पाळक त्या काळी विरळाच. माझ्या मते त्यांच्या शिकवणीतला सगळ्यात अवघड धडा हाच. तो त्यांनी वर्गात दिला नाही, स्वतःचं ताट रिकामं करून दिला.

दरबाराला वेळ फार मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले.

[दृश्य : हस्तलिखिताची पानं, कंदिलाचा उजेड.]

मागे राहिलं ‘ख्रिस्तायन’. येशूचं चरित्र, ओव्यांत. टिळकांच्या हातून सुरुवातीचे मोजकेच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांनी ती पानं पुढे ओढली आणि पुढची ओवी लिहिली. मग त्यापुढची. असे साठाहून जास्त अध्याय.

[टाळ. हळूहळू शांत.]