उत्तर कोणी दिलं ते वाचा
(इंदूर इथे मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. 'अभिजात विज्ञानकादंबऱ्या आणि फँटसी : पुढे काय वाचावं?' असा विषय मला दिला आहे. विषयाबरोबर एक सूचनाही आली, की शेवटी दहा नावं सांगा, लोक लिहून घेतात. मी अशी दहा नावं सांगणार नाही. का, ते आधी बोलतो.

'सर्वोत्तम शंभर' अशी कोणतीही यादी उघडा. वरच्या पाच-सहा नावांत फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' बहुतेक सापडेलच. मग माणूस ती घेतो. जाडजूड पुस्तक, मागे परिशिष्टं, वर एक शब्दसूची. ऐंशीव्या पानाशी खूण घालून ते कपाटात जातं आणि 'हा प्रकार आपल्याला जमत नाही' असा निकाल लागतो. पुस्तक वाईट नसतं आणि वाचकही कच्चा नसतो. या पुस्तकाचा वाद कोणाशी चालला आहे, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

या लेखकांची एक खोड आहे. ते एकमेकांचं वाचतात, आणि पटलं नाही की टीकालेख लिहायच्या ऐवजी कादंबरी लिहितात. त्यामुळे पुढचं पुस्तक निवडताना मी एवढंच बघतो : आत्ता वाचून संपवलं, त्याला उत्तर कोणी दिलं?

'ड्यून'चंच घ्या. तिच्या आधी आयझॅक असिमॉव्हची 'फाउंडेशन' वाचा. तिच्या कथा १९४२पासून मासिकात येत होत्या, पुस्तक १९५१चं. आकाशगंगेभर पसरलेलं साम्राज्य कोसळणार आहे. हॅरी सेल्डन नावाचा गणिती हिशेब मांडतो की पुढे तीस हजार वर्षं अंदाधुंदी माजेल, पण नीट आखणी केली तर ती एक हजारावर आणता येईल. एकेका माणसाचं भविष्य सांगता येत नाही, अब्जावधी माणसांचं मात्र सांगता येतं, हा त्याचा सिद्धान्त. दुसऱ्या भागात 'म्यूल' नावाचा एक विलक्षण माणूस येऊन हा सगळा हिशेब उधळतो. असिमॉव्हला तो अपघात वाटतो. १९६५मध्ये हर्बर्ट नेमक्या तशाच अपघाताला नायक करतो. भविष्य दिसणारा एक तरुण, त्याला देव मानणारा जमाव, आणि त्याच्या नावाने होणारा रक्तपात थांबवायला तो स्वतःच असमर्थ. ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचली की 'ड्यून'ची जाडी टोचत नाही.

जाता जाता सांगतो, 'ड्यून' वीसहून जास्त प्रकाशकांनी परत पाठवली होती. शेवटी ती छापली चिल्टन नावाच्या कंपनीने, जी मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढण्यासाठी प्रसिद्ध होती. पुढच्याच वर्षी, १९६६मध्ये, तिला ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांसाठी दिला जाणारा नावाजलेला पुरस्कार, विभागून मिळाला. त्याच समारंभात 'आजवरची सर्वोत्तम मालिका' म्हणून 'फाउंडेशन'ची निवड झाली, आणि तीही टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला मागे टाकून. वादी आणि प्रतिवादी, दोघांनाही एकाच मांडवात हार!

आणि एक. मालिका घेतली की ती संपवलीच पाहिजे, ताटात टाकायचं नाही, हा आपला घरगुती संस्कार इथे उपयोगाचा नाही. 'फाउंडेशन'चे पहिले तीन भाग पुरेत. असिमॉव्ह १९८२मध्ये पुन्हा तिकडे वळला ते माझ्या मते वळला नसता तरी चाललं असतं. 'ड्यून'चा दुसरा भाग, 'ड्यून मसीहा', मात्र जरूर वाचा. नायकाला देव करण्याची किंमत तिथे वसूल होते. मग थांबा.

आता परग्रहवासी. एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८ची. मंगळावरून यंत्रं येतात आणि इंग्लंड जाळत सुटतात. वेल्स पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतो की त्यांना दोष देण्याआधी आपण गोऱ्यांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचं काय केलं ते आठवा. ती वाचली असेल तर पुढची आर्थर क्लार्कची 'चाइल्डहुड्स एंड', १९५३ची. तिथले पाहुणे काहीच जाळत नाहीत. त्यांची जहाजं मोठमोठ्या शहरांवर येऊन थांबतात, युद्धं बंद होतात, सुबत्ता येते. त्यांचा मुख्य अधिकारी कित्येक वर्षं कोणाला तोंड दाखवत नाही, नुसत्या सूचना पाठवतो. लंडनच्या वाचकाला ही नवी कल्पना वाटली असेल, इंदूरकराला वाटू नये. गादीवर होळकर, आणि थोड्या अंतरावर रेसिडेन्सीत बसलेला इंग्रज सरकारचा साहेब. तो भाग आजही आपण रेसिडेन्सी एरिया म्हणूनच ओळखतो. त्या कादंबरीतली सुखद परतंत्रता आपल्या पणजोबांनी घरबसल्या पाहिली होती. म्हणून मला वाटतं, ती कादंबरी इथल्या वाचकाला जरा जास्तच कळते.

या दोघांनाही उडवून लावणारं उत्तर पोलंडहून आलं. स्तानिस्वाव लेमची 'सोलारिस', १९६१. एका ग्रहावर समुद्र आहे आणि तो बहुधा जिवंत आहे. तो हल्ला करत नाही, राज्य करत नाही, बोलतही नाही. माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर ग्रंथ लिहितात आणि हाती काही लागत नाही. इंग्रजीत वाचणार असाल तर एक काळजी घ्या. बरीच वर्षं चालत आलेलं इंग्रजी भाषांतर मूळ पोलिशवरून नाही, फ्रेंच भाषांतरावरून केलेलं आहे. पोलिशवरून थेट केलेलं २०११मध्ये आलं. ते मिळवा.

ज्यूल व्हर्नकडे मोठ्या माणसांनी परत जावं का, असं मला विचारतात. जावं, पण एक नाही, दोन पुस्तकं घेऊन. १८६९-७०च्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'मध्ये पाणबुडीचा कप्तान नेमो कोण, कुठला, हे कळत नाही. व्हर्नच्या मनात तो रशियाने देशोधडीला लावलेला पोलिश माणूस होता, पण रशियातली विक्री जाईल म्हणून प्रकाशक एत्झेलने हरकत घेतली. मग 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये, म्हणजे १८७४-७५मध्ये, गुपित फुटतं. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या लढ्यात घरदार गमावलेला. आपल्या शेजारचाच की! लहानपणी पाणबुडी आवडते, पन्नाशीत त्या माणसाचा राग समजतो. मराठीत व्हर्न जुनाच. 'चंद्रलोकची सफर' १९००मध्ये 'केरळकोकिळ' मासिकातून येऊ लागली होती. आणि पुढे ज्यांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला त्या भा. रा. भागवतांचा जन्म याच इंदुरातला, १९१०चा. फास्टर फेणे लोकांना चटकन आठवतो, हे जरा उशिरा आठवतं.

इथे हिंदीचा एक फायदा आपण विसरतो. पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आपल्याला जवळची, १८८८ची. दूरदर्शनवरची मालिका बाजूला ठेवा, पुस्तक वाचा. ऐयारांचा, म्हणजे वेषांतरात तरबेज हेरांचा, बटुआ, बेशुद्धांना जागं करणारा लखलखा, आणि तिलिस्म, म्हणजे गूढ चक्रव्यूह. गंमत अशी की खत्रींच्या तिलिस्मात मंत्र कमी आणि कळ, चाकं, चोरदरवाजे जास्त. ज्याला 'चंद्रकांता' आवडली त्याने पुढे टॉल्किन घ्यायची घाई करू नये. खत्रींचा सख्खा भाऊ व्हर्न आहे.

टॉल्किन कधी घ्यावा? सवड असेल तेव्हा. १९५४-५५मधले तीन खंड, वाटेत गाणी, वंशावळी, आणि दोनशे पानं नुसतं चालणं. मला ते चालणं प्रिय आहे, पण ते सक्तीचं करणार नाही. त्याऐवजी उर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्या. १९६८ची, दोनेकशे पानांची. टॉल्किनचं संकट दूर पूर्वेला काळ्या देशात बसलेलं असतं. ले ग्विनच्या नायकाने, गेड नावाच्या तरुण जादूगाराने, ते गर्वाच्या भरात स्वतःच जगात सोडलेलं असतं, आणि त्याच्या मागे लागलेली सावली त्याचीच असते. गेड सावळा, तांबूस कातडीचा आहे. सुरुवातीची मुखपृष्ठं काढणाऱ्यांनी त्याला बऱ्याचदा गोरा करून टाकलं, यावर लेखिका आयुष्यभर चिडत राहिली.

अर्थसी म्हणजे बेटांचं जग. या बेटांवर एक म्हण आहे : बायकांच्या जादूसारखं दुबळं. पहिल्या पुस्तकात ती सहज येऊन जाते. त्रयी १९७२मध्ये संपली. मग अठरा वर्षांनी, १९९०मध्ये, ले ग्विनने चौथं पुस्तक लिहिलं, 'तेहानू'. त्यात शक्ती गमावलेला गेड आहे, शेतावर राहणारी मध्यमवयीन विधवा तेनार आहे, आणि आगीत भाजलेली एक मुलगी. त्या म्हणीला आणि स्वतःच्याच पहिल्या तीन पुस्तकांना लेखिकेने दिलेलं ते उत्तर आहे. पहिली तीन वाचल्यावर ते लगेच घेऊ नका. वर्षभर जाऊ द्या, आणि मग वाचा.