आशाताईच्या मागे दवाखाना उभा पाहिजे

नमस्कार श्रोतेहो, ताई, मावशी, काका, सगळ्यांना नमस्कार. आज कॅन्सरबद्दल बोलायचंय, पण रेडिओ बंद करू नका, घाबरवणार नाहीये मी. सांगायचंय ते बार्शीचं.

सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आणि शेजारचे परंडा, भूम तालुके, तिथल्या साडेतीनशेच्या आसपास गावांसाठी १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरात नोंदणी म्हणजे हॉस्पिटलातले कागद बघायचे, पण खेड्यात माणूस दवाखान्यातच गेला नाही तर कागद येणार कुठून? म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरायला लागले, लोकांत बसायचे, विचारायचे, कुणाच्या तोंडातला फोड बरा होत नाहीये का, कुणाच्या छातीत गाठ लागतेय का, पाळी बंद झाली तरी कुणाच्या अंगावरून रक्त जातंय का, आणि संशय आला की त्या माणसाला बार्शीच्या हॉस्पिटलात तपासायला आणायचे. गेले होते मोजायला, पण त्या विचारपुशीतूनच लोकांना लक्षणं कळायला लागली. काही वर्षांतच दिसलं की गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या स्टेजला येतायत! दुखणं अंगावर काढायची सवय तिथे थोडी तरी मोडली, कारण विचारायला येणारा माणूस ओळखीचा होता आणि तो ज्या हॉस्पिटलात नेणार ते खरंच तपासत होतं.

या पायावरच पुढे १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला, सव्वा लाखावर बायका होत्या त्यात. एका गटाची एचपीव्ही टेस्ट केली, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूने होतो तो आहे का ते बघितलं, तेही आयुष्यात एकदाच. पुढच्या आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या आणि तपासणी नसलेल्या गटात ६४. दोन्ही गट तीस-चौतीस हजारांचे. त्या बिनतपासणीच्या गटावरून नंतर वाद झाला आणि मला विचाराल तर तो व्हायलाच हवा होता, त्याही आपल्याच बायका ना.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये तर टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन हे काम करवून घेतलं. व्हिनेगरमध्ये असतं तेच अॅसिड पातळ करून कापसाने पिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला की पुढच्या तपासणीला हॉस्पिटलात पाठवायचं. दर दोन वर्षांनी हे केलं आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

आता दुसरी बाजू पण ऐका. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या तक्रारी बाहेर आल्या, विधिमंडळात गाजल्या. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की सांगायचे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका, आणि चाळिशीच्या आतल्या कितीतरी जणींच्या पिशव्या गेल्या. कॅन्सरची भीती गावात पोचली होती पण खरी माहिती नाही, मग त्या भीतीवर कुणीही धंदा करतं. असा सल्ला कुणी दिला तर आधी तपासणीचा रिपोर्ट मागा आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, एवढं तर नक्की करा.

आज तिशी ओलांडलेल्या सगळ्यांसाठी आशाताई फॉर्म घेऊन येते, तंबाखू खाता का, मिश्री लावता का, तोंडात चट्टा आहे का, सगळं विचारते. ती बिचारी उन्हातान्हात फिरते हो, पण तो फॉर्म फायलीत पडून राहिला तर काय उपयोग? तपासणी कुठल्या वारी, नर्सबाई असणार का, आडोसा आहे का, रिपोर्ट घरी कोण सांगणार, हे दवाखान्याने आधी ठरवून तिच्या हातात द्यायला पाहिजे. आणि ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर गेल्यावर गावात शिबिर लावून कोण येणार, दसऱ्याच्या आधी लावा ना!

डॉक्टरसाहेब कुणी ऐकत असाल तर गावातल्या बचतगटाला विचारून तारीख ठरवा. आणि ताई, आशाताई दारात आली की फॉर्म भरून झाल्यावर तिला विचारा, पुढची तपासणी कधी आणि कुठे, आणि सोबत कोण येणार. तिला उत्तर माहीत नसेल तर तुम्ही चार जणी मिळून आरोग्य केंद्रात जा आणि तिथे विचारा.