करवतीचा सायलेन्सर मोकळा करताना

श्रोतेहो, नमस्कार.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दापोलीकडच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा रस्ते आणि अंगणं मोकळी करायला चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवतच कामाला आली. आज अनेक बागायतदारांकडे स्वतःची चेनसॉ आहे. थोडी जुनी झाली की तिच्याबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: "सायलेन्सर फोडून टाक, ताकद वाढेल." या सल्ल्यात खरं किती आणि इंजिनाचं वाटोळं करणारं किती, ते आज बघू.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करू. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. तो नुसता आवाज दाबायला बसवलेला डबा नाही. हे जगाला ज्या प्रकरणामुळे कळलं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

पूर्व जर्मनीत त्शोपाऊ गावी एमझेड मोटारसायकलींचा कारखाना होता. तिथं वाल्टर काडेन नावाचे इंजिनियर रेसिंगची इंजिनं बनवत. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर सोडणारं दार उघडं असतानाच खालून ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण वर येतं, आणि त्यातलं बरंचसं न जळताच धुराबरोबर बाहेर निसटतं. काडेननी ऑसिलोस्कोप, म्हणजे लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र लावून पाइपातल्या दाबाच्या लाटा तपासल्या. पाइप आधी भोंग्यासारखा रुंद केला आणि पुढं पुन्हा निमुळता केला. रुंद होणाऱ्या भागातून परतलेली लाट सिलिंडरमधला धूर ओढून घेते. निमुळत्या भागावर आपटून परतलेली लाट, निसटलेलं ताजं मिश्रण दार बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. नुसत्या पत्र्याच्या आकारातून ही ताकद! १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनानं २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरमागे २००.

त्या वर्षी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. तेव्हा जपानची सुझुकी कंपनी युरोपातल्या शर्यतींत सपाटून मार खात होती. आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरच्या शर्यतीच्या वेळी तिच्या लोकांशी डेग्नरची बोलणी झाली. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या क्रिस्तियानस्टाडला शर्यत होती. डेग्नरचं इंजिन मध्येच बंद पडलं, आणि शर्यतीनंतर तो परत गेलाच नाही. डेन्मार्कमार्गे त्यानं पश्चिम जर्मनी गाठली. त्याच सुमारास त्याची बायको आणि दोन लहान मुलं मोटारीच्या डिकीत लपून सरहद्द ओलांडत होती. मुलांनी आवाज करू नये म्हणून त्यांना झोपेचं औषध दिलेलं होतं. डिकीत झोपवलेली ती पोरं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या पाइपाच्या विद्येची किंमत कळेल.

हिवाळ्यात डेग्नर ही पाइपाची विद्या घेऊन जपानमधल्या हामामात्सूला सुझुकीच्या कारखान्यात पोचला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीला मिळालं आणि स्वार होता डेग्नर. जपानमधल्या सुझुका गावच्या रेसच्या ट्रॅकवर आजही एका वळणाला त्याचं नाव आहे. काडेन मात्र त्शोपाऊलाच राहिले. ज्याची विद्या जगभर गेली त्याचं नाव गॅरेजमध्येही कुणाला माहीत नसावं, याचं वाईट वाटतं. आपल्याकडे जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचा सायलेन्सर पोकळ करून गल्लीत आवाज काढत फिरणाऱ्यांनी तर काडेनचं काम आधी वाचावं. आवाज म्हणजे ताकद नव्हे.

आता करवतीकडे येऊ. तिच्यावर एवढा लांब पाइप बसवायला जागा नसते. सिलिंडरला थेट पत्र्याचा डबा चिकटवलेला असतो. त्यामुळे लाटांचा खेळ फारसा उरत नाही, पण डब्यात थोडा दाब राहिला तर मिश्रण कमी निसटतं. युरोप-अमेरिकेतल्या धुराच्या आणि आवाजाच्या नियमांमुळे अनेक मॉडेलांच्या डब्याचं तोंड गरजेपेक्षा बारीक ठेवलेलं असतं. फायदा होतो तो अशा गुदमरलेल्या करवतीला. जिचं तोंड आधीच मोकळं आहे, तिला फक्त आवाज वाढेल. कॅटॅलिटिक सायलेन्सर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा सायलेन्सर असेल तर त्याला हात लावू नका. वॉरंटी जाते, आणि अमेरिकेत राहणाऱ्या श्रोत्यांनी लक्षात ठेवावं की तिथं हा बदल कायद्यात अडकतो.

हत्यार हाती घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. चेनला धार आहे का? आणि सायलेन्सरच्या तोंडावरची ठिणगीची जाळी काजळीनं बुजली आहे का? बोथट चेन आणि बुजलेली जाळी, या दोहोंमुळेच बऱ्याच करवती 'कमजोर' ठरतात. जाळी काढा, गॅस टॉर्चनं लाल करा, गार झाली की तारेच्या ब्रशनं झाडा. जाळी फेकून मात्र देऊ नका. उन्हाळ्यात एका ठिणगीनं अख्ख्या डोंगराला वणवा लागतो.

एवढं करूनही बदल करायचाच असेल तर इंजिन गार असताना प्लगची टोपी काढा. दोरी हळू ओढून पिस्टन अगदी वर आणा, म्हणजे एक्झॉस्टचं दार बंद होईल आणि आत कचरा पडणार नाही. सायलेन्सर उतरवा. करवतीवर ठेवून ड्रिल कधीच मारू नका. लोखंडाचा एक कण आत गेला की सिलिंडरवर ओरखडा पडलाच म्हणून समजा.

किती मोठं करायचं? कारागिरांचा ढोबळ नियम असा: बाहेर पडायच्या सगळ्या तोंडांचं क्षेत्रफळ सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टच्या (धुराच्या दाराच्या) पाऊणपट, त्याहून जास्त नाही. पुन्हा सांगतो, पाऊणपट. समजा पोर्ट २२ मिलिमीटर रुंद, १३ उंच आहे. क्षेत्रफळ २८६, पाऊणपट झाले सुमारे २१४ चौरस मिलिमीटर. मूळ भोक १० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे ७८. उरले १३६. पोर्टचे कोपरे गोल असतात, म्हणून १२ मिलिमीटर आतल्या व्यासाची लोखंडी नळी पुरे. ती पितळी ब्रेझिंगनं किंवा वेल्डिंगनं बसवा, साधं सोल्डर वितळून जाईल. नळीवरही जाळी लावा. तिचं तोंड हँडल, पुढची ब्रेकची मूठ आणि प्लॅस्टिकपासून दूर ठेवा. कानशीनं कडा साफ करा, डबा पेट्रोलनं धुवा, हवा मारा आणि नवं गॅस्केट घालून बसवा.

सगळ्यात जास्त करवती यानंतर मरतात. धूर मोकळा झाला की हवा जास्त खेचली जाते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, त्याबरोबर ऑइलही कमी पोचतं आणि पिस्टन जॅम होतो. म्हणून कार्ब्युरेटर पुन्हा सेट करायलाच हवा. सायलेन्सर उघडला की कार्ब्युरेटर सेट, हे विसरू नका. कार्ब्युरेटरवरचा एच लिहिलेला, म्हणजे पूर्ण रेसच्या मिश्रणाचा स्क्रू घड्याळाच्या उलट पाव फेरा सोडा. मोकळ्या हवेत काही सेकंद पूर्ण रेस द्या. आवाज किंचित घोगरा, अडखळता हवा. बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, लाकडात घातला की तो स्वच्छ झाला पाहिजे. मोकळ्या हवेतच आवाज तीक्ष्ण, शिट्टीसारखा येत असेल तर मिश्रण पातळ आहे, लगेच थांबा आणि स्क्रू आणखी सोडा. फेरे मोजणारा टॅकोमीटर असेल तर कंपनीच्या पुस्तकातल्या कमाल फेऱ्यांच्या खालीच राहा. रेस सोडल्यावर चेन थांबते की नाही, हेही बघा. ज्यांच्या करवतीत कार्ब्युरेटर संगणकावर चालतो, त्यांना स्क्रूच नसतो. मिश्रण ती स्वतः जुळवते, पण तेही ठरावीक मर्यादेतच.

कानावर इअरमफ हवेतच, आता तर जास्तच. पहिली टाकी संपली की इंजिन गार होऊ द्या आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळा, उष्णतेनं ते हमखास सैल होतात. मग प्लग काढून टोक बघा. तपकिरी असेल तर काम सुरू ठेवा. पांढरट दिसलं तर एचचा स्क्रू आणखी थोडा सोडा, आणि तोवर मोठा ओंडका कापायला घेऊ नका.

नमस्कार.