आजीच्या मांडीवरची मँडरिन

[दृश्य: सिंगापूरमधील सरकारी वसाहतीतले एक घर. आजी आणि चार वर्षांची नात चित्रपुस्तक पाहत आहेत.]

या घरात दिवसभराचे बोलणे बहुतांशी इंग्रजीत चालते, आणि सिंगापूरमध्ये अशी घरे वाढत आहेत. २०२० च्या जनगणनेत पाच वर्षे व त्यावरील वयाच्या रहिवाशांपैकी ४८.३ टक्के लोकांनी आपण घरी सर्वाधिक इंग्रजी बोलतो असे सांगितले. मँडरिन, म्हणजे चिनी प्रमाणभाषा, सांगणाऱ्यांचे प्रमाण दहा वर्षांत ३५.६ वरून २९.९ टक्क्यांवर आले होते. चिनी वंशाच्या मुलांना शाळेत मँडरिन ‘मातृभाषा’ म्हणून शिकावी लागते. मात्र ती प्रथम शाळेतच भेटली, तर तिचे नाते परीक्षेशी आधी आणि माणसांशी मागाहून जुळते.

खरे तर मँडरिन ही यांतील अनेक घरांची जुनी भाषाही नव्हे. १९७९ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू केली, तेव्हा कितीतरी कुटुंबांत हॉक्कियन, तिओच्यू किंवा कँटोनीज यांपैकी एखादी दक्षिण चीनमधील बोली बोलली जात होती. त्यामुळे आज मुलांना मँडरिन शिकवू पाहणाऱ्या अनेक आईवडिलांना स्वतःलाच तिची पुरती सवय नसते, आणि त्यांना चित्रपुस्तकाचा मोठा आधार वाटतो.

[दृश्य: पुस्तकाचे पान. मासळीबाजाराचे चित्र.]

नात मासे मोजते आहे. मराठीत आपण ‘तीन मासे’ म्हणून मोकळे होतो. मँडरिनमध्ये संख्या आणि वस्तू यांच्यामध्ये वस्तूच्या प्रकारानुसार आणखी एक शब्द घालावा लागतो. लांबट मासळीसाठी ‘थ्याओ’, टेबल किंवा कागद यांसारख्या सपाट पृष्ठभागाच्या वस्तूंसाठी ‘चांग’, पुस्तकासाठी ‘पन’. नियम सांगून हे चार वर्षांच्या मुलीला कळणार नाही, पण रोज पाहिलेल्या बाजाराचे चित्र समोर असले आणि आजी प्रत्येक मासळीवर बोट ठेवून मोजत गेली, की तो शब्द आपोआप तोंडी बसतो. शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चार चढउतारांचेही तसेच आहे; ते कानांनीच शिकावे लागतात.

म्हणूनच पुस्तक कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. चीनमधून येणाऱ्या अनेक पुस्तकांत हिवाळा येतो, बर्फ पडतो. विषुववृत्ताजवळच्या या शहरात वाढणाऱ्या मुलीने यांतले काहीच अनुभवलेले नसते. केवळ ड्रॅगन आणि लाल कंदील छापल्यानेही पुस्तक तिचे होत नाही. सांस्कृतिक जवळीक म्हणजे तिचे रोजचे जगणे: खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या स्टॉलांच्या बाजारात, मिळणाऱ्या नूडल्स, चिनी नववर्षाला पाहुण्यांकडे दोन-दोनच्या जोडीने न्यायची संत्री, सर्वांनी मिळून चॉपस्टिक्सने उंच उधळायचे ‘यूशंग’ हे कच्च्या मासळीचे सॅलड.

अर्थात सगळेच ओळखीचे असावे, असेही नाही. हाँगकाँगमधून दिल्या जाणाऱ्या फंग झिकाई चिनी बालचित्रपुस्तक पुरस्काराचा २००९ मधील पहिला मान यू लीछ्योंग यांनी लिहिलेल्या आणि चू छंगल्यांग यांनी चितारलेल्या ‘थुआनयुआन’ (कुटुंबाचे पुनर्मीलन) या पुस्तकाला मिळाला. दूरवर बांधकामावर राबणारे वडील फक्त नववर्षाला घरी येतात आणि तांदळाच्या गोळ्यात दडवलेले नाणे मुलीला सापडते, अशी ती गोष्ट आहे. तांदळाचे गोळे नातीने खाल्लेले आहेत, त्यामुळे ती गोष्टीत सहज शिरते; आणि मग तिला प्रश्न पडतो की हे बाबा रोज घरी का येत नाहीत. तो प्रश्न तिने मँडरिनमध्ये विचारला, तर त्या संध्याकाळचे काम झाले असे मी मानते.

[दृश्य: सार्वजनिक ग्रंथालयातील मुलांचा विभाग.]

पुस्तक निवडताना चिनी अक्षरांच्या वर उच्चार दाखवण्यासाठी छापलेल्या रोमन अक्षरांचाही विचार करावा. १९५८ मध्ये चीनने स्वीकारलेली ही ‘पिनयिन’ पद्धत पालकांच्या सोयीची आहे, परंतु इंग्रजी वाचू लागलेल्या मुलाची नजर चिनी अक्षरे सोडून तिच्याकडेच वळते आणि उच्चारही इंग्रजी वळणाचे होऊ लागतात. लहान वयात मोठ्यांनी वाचावे आणि मुलांनी चित्र पाहावे, हेच बरे. ज्यांना अक्षरे येत नाहीत, त्यांनी चित्र पाहून आपल्या शब्दांत गोष्ट सांगावी. मध्येच आजीच्या तोंडून हॉक्कियन शब्द आला तर तोही नातीच्या कानी पडू द्यावा आणि पुढचे पान उलटावे.